आठ मजल्यांवरची शिरोरेषा

नाशिकमध्ये, मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडला लागून, द्वारका ते पाथर्डी फाटा या पट्ट्यात, एका खाजगी हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहिली. तळमजला अधिक आठ. गच्ची जमिनीपासून जवळपास ३० मीटरवर. नाव सांगत नाही, या प्रकरणाला त्याची गरजही नाही. पाटीवर दोन शब्द होते: पहिला तीन अक्षरी, दुसरा 'हॉस्पिटल'. पाटीची एकूण लांबी १३ मीटर, मात्रांसकट उंची २.१ मीटर, आतून एलईडीचा उजेड. काम आमच्याकडे आलं ते २०२४ च्या दिवाळीनंतर, आणि उद्घाटन ठरलं होतं गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्च २०२५ ला. हातात साडेचार महिने. आमच्या धंद्यात हा राजेशाही वेळ.

मी पाट्यांच्या धंद्यात १९ वर्षं आहे. सुरुवात सिडकोत दुकानांचे बोर्ड रंगवून झाली, मग फ्लेक्स, मग एसीपी (ॲल्युमिनियमचे संमिश्र पत्रे) आणि उठावाची अक्षरं. उंचीवरची कामं बरीच केली, त्यातली काही आज आठवली तरी पोटात गोळा येतो. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात आम्ही बरंचसं नीट केलं, आणि तरीही शेवटी एक पोरगा कठड्यावर उभा राहिला.

मागणी

डॉक्टरसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. उड्डाणपुलावरून येणाऱ्या गाडीतल्या माणसाला नाव वाचता आलं पाहिजे, आणि पाटी मराठीत हवी. मराठी पाट्यांचा कायदा २०२२ मध्ये कडक झाला, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हापासून देवनागरी अक्षरांची कामं वाढली आहेत. डॉक्टरांना मात्र कायद्याआधीपासून मराठीच हवं होतं. "माझे पेशंट सिन्नर, इगतपुरी, दिंडोरीहून येतात. त्यांना इंग्रजी कशाला वाचायला लावू?" एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

अक्षराच्या उंचीचा धंद्यातला ढोबळ हिशेब असा आहे: एक इंच उंचीचं रोमन अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. देवनागरीला हा हिशेब जसाच्या तसा लावला की फसायला होतं. २.१ मीटरमधला वरचा भाग वेलांटी आणि चंद्र खातात, मूळ अक्षराला उरतात जेमतेम दीड मीटर. म्हणजे आरामात वाचायचं अंतर साधारण पावणेदोनशे मीटर. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला त्यात आठ सेकंद मिळतात. पुरेसे आहेत.

देवनागरीची खरी गोष्ट वेगळीच आहे. इंग्रजी अक्षरं खालच्या पट्टीवर उभी राहतात, आपली अक्षरं वरच्या रेघेला लोंबतात. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. त्यामुळे मुख्य आधाराचा पाइप खाली नाही, शिरोरेषेच्या मागे जातो. त्याच्या वर वेलांटीचा बाक मोकळ्या हवेत निघतो. 'हॉ'वरचा चंद्र तर कान्याच्या टोकाला एकाच ठिकाणी टेकलेला असतो, त्याला मागून स्वतंत्र आधार द्यावा लागतो, नाहीतर वाऱ्यात तो थरथरत राहतो आणि वर्षभरात वेल्डिंग सुटतं. हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही. आम्ही ते एका लॉन्सच्या पाटीचा चंद्र शेजारच्या शेतात सापडल्यावर शिकलो.

शिरोरेषा अखंड दिसली पाहिजे, अशी डॉक्टरांची अट होती. 'हॉस्पिटल'ची रेघ ७.८ मीटर लांब आणि ॲल्युमिनियमची. नाशिकच्या थंडीतली पहाट आणि एप्रिलच्या दुपारी तापलेला पत्रा यांच्यात ५५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ही रेघ १० मिलिमीटर वाढते. दोन्ही टोकं आवळून ठेवली तर ती फुगेल किंवा बोल्ट तोडेल. म्हणून 'स्पि' आणि 'ट' यांच्या मध्ये सांधा ठेवला, त्यावर आतून सरकणारी बाही दिली आणि बोल्टांची भोकं लांबट केली. खालून बघणाऱ्याला रेघ अखंडच दिसते.

पांढरी भुकटी

पहिला आराखडा सोपा होता. गच्चीचा कठडा सव्वा मीटरचा, त्याच्या बाहेरच्या अंगाला फ्रेम ठोकायची आणि त्यावर अक्षरं. बिल्डरने दिलेल्या नकाशात कठडा आरसीसी, म्हणजे लोखंडी गजांच्या काँक्रीटचा, दाखवला होता. कामाची पद्धतही नेहमीची: झुला सोडायचा, दोन माणसं झुल्यात, सहा-सात दिवस ड्रिलिंग आणि फिटिंग.

वाऱ्याचा भार काढला. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या तिसऱ्या भागात नाशिकचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. आजूबाजूला वस्ती आणि उंची ३० मीटर धरली की तो ४१ च्या थोडा वर जातो, म्हणजे ताशी जवळपास १५० किलोमीटर. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की चौरस मीटरला १०२५ न्यूटन, आपल्या भाषेत शंभर किलोहून थोडं जास्त. मागे पत्रा लावून पाटी बंद केली असती तर २७ चौरस मीटरवर, पाटीच्या आकाराचा गुणक धरून, साडेतीन टन ढकल आली असती. मागचा पत्रा काढून नुसती अक्षरं ठेवली की डोळ्यांना निम्म्याहून जास्त जागा मोकळी दिसते. म्हणून भार निम्म्याहून कमी होईल, असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि कधीकधी फॅब्रिकेटरलाही. तसं होत नाही. प्रत्येक कडेला वारा अडखळतो आणि अक्षराच्या प्रत्येक चौरस मीटरवरचा जोर वाढतो. आमच्या पाटीला हिशेबात दोन टनांच्या आसपास भार आला.

हा भार कठड्यातल्या अँकरांवर वाटला तर वरच्या रांगेतल्या प्रत्येक बोल्टला ५ किलोन्यूटन, म्हणजे पाचशे किलोच्या आसपास, खेच येत होती. चाचणी दीडपट करायची, म्हणजे साडेसात.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चाचणीसाठी तीन भोकं मारली. ड्रिल मारणाऱ्या आमच्या मुख्य फिटरला सगळे मामा म्हणतात. तिसऱ्या सेकंदाला त्यांनी मशीन बंद केलं आणि भोकापाशी तळहात धरला. काँक्रीटची भुकटी राखाडी, जड असते. हातावर पडलेली भुकटी पांढरी होती, हलकी, पिठीसाखरेसारखी. "भाऊ, हा ब्लॉक आहे."

एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलका केलेला सिमेंटचा ब्लॉक, सहा इंची. वजनाला हलका, भिंतीला उत्तम, खेचीला मात्र बिनकामाचा. तरीही नोंद हवी म्हणून केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट) बसवला, ठरलेला वेळ सुकू दिला आणि बोल्ट ओढून पाहणाऱ्या पुल टेस्टरचा पंप मारायला घेतला. साडेतीन किलोन्यूटनला प्लास्टरवर केसाएवढी भेग उमटली. चारच्या जरा पुढे काटा थबकला. मग पंप मारत राहिलो तरी काटा उलटा खाली येऊ लागला. त्याचा अर्थ एकच, बोल्ट सावकाश बाहेर येतोय. आम्ही थांबलो. भेगेचा फोटो काढला, त्यावर तारीख घातली आणि तसाच डॉक्टरांना पाठवला.

ही चाचणी करायला अर्धा दिवस लागतो, आणि बहुतेक ठिकाणी ती होतच नाही. 'नकाशात आरसीसी आहे' एवढ्यावर पाट्या लागतात. मुंबईत १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना ते जवळपास १२० बाय १२० चं होतं. नंतर सगळ्यांचं बोट त्या आकाराकडे गेलं. बरोबरच आहे. पण छोटी पाटीसुद्धा जिथे रुतते तिथेच फसते, आणि ती जागा गिलाव्याच्या आत असते.

कठडा सोडला

डॉक्टरांनी आधी विचारलं ते नेहमीचंच: "जास्त बोल्ट मारले तर?" ठिसूळ बिस्किटात चार टाचण्यांऐवजी आठ टोचल्या तर बिस्किट लवकर तुटतं, एवढं सांगितल्यावर ते हसले आणि पुढचा मुद्दा ऐकायला तयार झाले.

उपाय गच्चीवरच होता. पुढे-मागे दोन मजले वाढवायचे म्हणून बिल्डरने खांबांचे गज वर सोडले होते, गंजू नयेत म्हणून सिमेंटचा लेप देऊन. रस्त्याच्या बाजूला असे चार खांब, दर ४.४ मीटरला एक. पहिला ते चौथा अंतर १३.२ मीटर, पाटी १३ मीटर. इमारतीच्या स्ट्रक्चरल सल्लागारांना विचारलं. त्यांनी गज तपासले, मधल्या प्रत्येक खांबावर येणारा ७ किलोन्यूटनचा आडवा भार आणि त्याने खांबाला येणारा वाक मांडून पाहिला आणि होकार दिला. गजांभोवती काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, त्यात बोल्ट आधीच बसवायचे. स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही, कारण आठव्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर आहे आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग फोडलं असतं तर पहिल्या पावसात आमचाच उद्धार झाला असता.

जागा बदलल्यावर कागदही बदलले. भिंतीवरची पाटी गच्चीवर उभी राहिली की कायद्याच्या भाषेत ती 'आकाशचिन्ह' होते, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी. काय सुंदर शब्द आहे! सरकारी फायलीत असे शब्द क्वचित सापडतात. फाइल मात्र नव्याने करावी लागली: नवीन रेखांकन, स्थिरता प्रमाणपत्र, मालकाचं हमीपत्र. विधानसभेच्या निवडणुकीमुळे नोव्हेंबरभर कुठलाच कागद हलत नव्हता, त्यामुळे साचलेल्या ढिगात आमची फाइल डिसेंबरअखेर जाऊन पडली. यातली धावपळ सांगण्यासारखी नाही. परवानगी फेब्रुवारीत आली.

या बदलाचा खरा फायदा मला उशिरा उमगला. पाटी कठड्याच्या आत आली, म्हणजे काम करणारा माणूसही कठड्याच्या आत आला. झुला गेला. सहा-सात दिवस हवेत लटकून करायचं काम आता पाय जमिनीवर, म्हणजे गच्चीवर, ठेवून होणार होतं. मग आम्ही आराखडा पुन्हा उघडला आणि एकेका बोल्टला विचारलं: तुला आवळायला माणसाला बाहेर यावं लागेल का? ज्याचं उत्तर 'हो' आलं तो बदलला. अक्षरं मागून आवळायची. एलईडीला वीज पुरवणारे एसएमपीएस अक्षरांच्या पोटात न ठेवता मागच्या पेट्यांत ठेवले. १२ व्होल्टला ३५० वॉट म्हणजे २९ अँपियर, वायर लांबली की उजेड मंदावतो, म्हणून पेट्या अक्षरांच्या अगदी पाठीशी, पण हाताच्या उंचीवर. मॉड्यूल बदलायचं तर अक्षराची पाठ उघडते, तोंड नाही. आम्हाला वाटलं, बाहेर जायचं एकही कारण शिल्लक नाही.

मधमाशा, मांजा आणि जिना

जानेवारीत ठोकळे ओतले आणि २८ दिवस पोती भिजवत बसलो. तेवढ्यात दोन पाहुणे सापडले.

पहिला म्हणजे आठव्या मजल्याच्या चज्ज्याखाली लागलेलं आग्या मोहोळ. गच्चीवरून दिसत नव्हतं, रस्त्यावरून दुर्बिणीने पाहिलं तेव्हा काळी परात लटकावी तसं दिसलं. आग्या माशा रात्री उजेडाकडे झेपावतात. पाटीची चाचणी रात्री करायची, तीही त्यांच्या डोक्यावर दोन-तीन मीटरवर. ३० मीटर उंचीवर, बेल्ट अडकवलेल्या माणसावर माशा आल्या तर तो पळणार कुठे? जाळायला आम्ही नकार दिला, एक तर पाप आणि शिवाय खाली ऑक्सिजनची टाकी. मोहोळ हलवणाऱ्या जाणकार माणसाने रात्री येऊन ते हलवलं. त्या कामाचा उल्लेख आमच्या अंदाजपत्रकात नव्हता, आता सगळ्या अंदाजपत्रकांत असतो.

दुसरा संक्रांतीनंतर आला. गच्चीच्या गजांना, केबलला, डिशला नायलॉनचा मांजा गुंडाळलेला. बंदी आहे, तरी नाशिकमध्ये तो मिळतो आणि कापतो. दोरांवर काम करणाऱ्याने तो आधी वेचून काढायचा असतो, कारण ताणलेल्या दोराला मांजा घासला तर दोराची आतली शीर कधी तुटली ते कळत नाही. पोरांनी मूठभर गोळा केला.

लोखंडी सांगाडा क्रेनने चढवायचा नाही असं ठरलं होतं. सगळे तुकडे तीन मीटरच्या आतले, वर्कशॉपमध्ये कापून, भोकं पाडून, गॅल्वनाइझ करून आणलेले. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये लोखंड न्यायला मनाई, आणि ती रास्तच होती. पोरांनी खांद्यावरून जिन्याने चढवलं, दुपारी दोन ते चार, ओपीडी बंद असताना. वर एकही वेल्डिंग नाही, फक्त बोल्ट. खाली रुग्ण आणि वर ठिणग्या हे गणित मला कधीच पटलेलं नाही.

२ मार्च, रविवार

अक्षरांचे तीन भाग केले होते: पहिला शब्द, मग 'हॉस्पि', मग 'टल'. सर्वांत मोठा भाग ४.५ बाय २.१ मीटर, वजन फक्त १६० किलो.

या 'फक्त'मध्येच फसगत आहे. क्रेनवाल्याला फोन केला तर तो हसला. "एवढ्याला मोठी क्रेन कशाला भाऊ, हायड्रा पाठवतो." हायड्रा म्हणजे छोटी क्रेन, तिचा बूम (उचलायचा हात) तिथवर पोचलाच नसता, पण समजा पोचला असता तरी प्रश्न वजनाचा नव्हता. ही वस्तू ओझ्यापेक्षा पतंगाच्या जवळची. सेकंदाला ७ मीटर वारा असेल तर त्या भागाला २० किलोचा धक्का बसतो, दोघं जण दोरीने आवरू शकतात. १२ मीटरला तोच धक्का ६० किलोंच्या आसपास जातो. १६० किलोचं धूड बाजूला झेपावतं आणि समोर काचेची भिंत, काचेमागे अतिदक्षता विभाग. म्हणून ७ ही आमची मर्यादा. तिथे उचल बंद. वारा गच्चीवर मोजायचा, खाली नाही.

टेलिस्कोपिक क्रेन ठरली. तिची जागा ठरवायला जास्त वेळ गेला. सर्वांत सोयीची जागा होती पार्किंग, छान पेव्हर ब्लॉक घातलेलं. पाण्याची जमिनीखालची टाकी कुठे आहे हे विचारल्यावर सुरक्षारक्षकाने त्याच पार्किंगकडे बोट दाखवलं. क्रेनच्या एका पायावर कित्येक टन भार एकवटतो. टाकीचा स्लॅब त्याखाली खचला असता, क्रेनसकट. शेवटी फाटकाच्या उजवीकडे, मुरमाच्या भरीव जमिनीवर जाड लाकडी स्लीपर अंथरून तिला उभं केलं. बूम सर्व्हिस रोडच्या ११ केव्ही लाइनच्या दिशेने फिरणार नाही, असं ऑपरेटरशी आधी बोलून घेतलं आणि त्या बाजूला फक्त लाइनवर नजर ठेवायला एक माणूस उभा केला. अँब्युलन्ससाठी मागचं फाटक उघडून घेतलं.

उचल पहाटे पावणेसहाला सुरू. नाशिकमध्ये त्या दिवसांत पहाटे वारा पडलेला असतो, दहा-अकरानंतर तो उठतो. पहिला शब्द सव्वासहाला बसला. वारा २ मीटर. दुसरा भाग सात वाजून गेल्यावर, वारा ३. तिसऱ्या भागाच्या वेळी, आठच्या सुमारास, 'टल' कठड्याच्या वर आला आणि एक झुळूक आली. मीटरवर ६. तेवढ्यात तो भाग सावकाश स्वतःभोवती वळायला लागला. खालचे दोघे दोरी धरून होते, त्यांनी जोर लावला नाही, फक्त सोडली नाही. मामांनी ऑपरेटरला मूठ दाखवली, म्हणजे थांब. वीस-पंचवीस सेकंद सगळे तसेच उभे. मग वारा पडला, 'ट'ची पाठ आपोआप आमच्याकडे आली आणि मामांनी पहिला बोल्ट घातला. घाईने ओढायचा मोह होतो तो त्याच वीस सेकंदांत.

साडेनऊला क्रेन निघाली. कठड्याबाहेर एकाही माणसाचा हातसुद्धा गेला नव्हता.

तरीही गच्चीवरचे सगळे जण आदल्या दोन दिवसांपासून पूर्ण हार्नेसमध्ये, म्हणजे अंगभर पट्ट्यांच्या बेल्टमध्ये, होते, हुक मागच्या लाइफलाइनला, म्हणजे सुरक्षेच्या दोराला. ही लाइन ठोकळ्यांत बसवलेल्या वेगळ्या कड्यांना बांधलेली, पाटीच्या सांगाड्याला नाही. आणि सुटकेचा सराव झाला होता. बेल्ट माणसाला पडू देत नाही, पण लटकत ठेवतो. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं, काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. ८० किलोचं वाळूचं पोतं लटकवून कप्पीने वर घ्यायचा सराव केला. पहिल्या खेपेला २२ मिनिटं लागली, पोरं एकमेकांवर ओरडत होती. तिसऱ्या खेपेला ७.

पॉली

वायरिंग, अर्थिंग, तडितरक्षकाच्या पट्टीशी जोडणी, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण), टायमर. यात दोन आठवडे गेले आणि विशेष काही घडलं नाही. पाटी आता इमारतीचा सर्वांत उंच लोखंडी भाग होती, त्यामुळे विजेच्या पट्टीशी तिची जोडणी मी स्वतः दोनदा तपासली.

२४ मार्चच्या संध्याकाळी पहिल्यांदा दिवे लावले. डॉक्टरसाहेब आणि मी महामार्गापलीकडच्या चहाच्या टपरीवर उभे. सात वाजता पाटी पेटली. डॉक्टर खूश. मी मात्र पाहत राहिलो. अक्षरं पांढरीशुभ्र हवी होती, ती निळसर, धुरकट दिसत होती. आणि 'ल'च्या कडेला काहीतरी फडफडत होतं.

पॉली! ॲक्रिलिकच्या शीटवर कंपनीतून येताना प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, ओरखडे येऊ नयेत म्हणून. वाहतुकीत, उचलीत अक्षरं खराब होऊ नयेत म्हणून आम्हीच तो ठेवला होता. एकेका बोल्टला प्रश्न विचारणाऱ्या आम्ही, पॉलीला विचारायचं विसरलो. ती काढायची तर अक्षराच्या तोंडासमोर जावं लागतं. तोंडासमोर ३० मीटर हवा.

हे मनात येतंय तोवर वर हालचाल दिसली. आमचा सर्वांत तरुण फिटर कठड्यावर चढला होता. त्याच सहा इंची ब्लॉकच्या कठड्यावर, जो चार किलोन्यूटनला फुटला होता. एका हाताने अक्षराची कड धरलेली, दुसऱ्या हाताने 'ल'वरची पॉली ओढतोय.

माझ्या तोंडून हाक निघणार होती. ती गिळली, कारण कडेवरच्या माणसाला खालून हाक मारली की तो खाली बघतो. मामांना फोन लावला. मामा त्याच्यापासून चार पावलांवर, पेटी बंद करत होते, पाठ त्याच्याकडे. ते ओरडले नाहीत. सावकाश मागून गेले, त्याच्या हार्नेसच्या पाठीच्या कड्याला लाइफलाइनला जोडलेल्या जादा दोरीचा हुक लावला आणि मग म्हणाले, "ये रे बाळा, चहा आलाय."

वर गेल्यावर त्याला विचारलं. तो रडवेला होता, पण त्याचं उत्तर मूर्खपणाचं नव्हतं. "भाऊ, हुक लावला होता मी." खरंच लावला होता. लाइफलाइन अक्षरांच्या मागे, ती पुढे पोचत नव्हती, म्हणून त्याने हुक सांगाड्याच्या खालच्या पाइपला अडकवला. पायांपाशी. तिथून पडला असता तर १.८ मीटरच्या दोरीवर साडेतीन मीटर खाली जाऊन झटका बसला असता, तो झटका वाऱ्यासाठी बनवलेल्या पाइपने आणि त्याच्या कमरेने खाल्ला असता. वाचला असता कदाचित. मग लटकला असता काचेसमोर. आमचा सात मिनिटांचा सराव गच्चीच्या मागच्या बाजूला केलेला होता, पुढच्या बाजूला तर आम्ही माणूस धरलाच नव्हता.

पोराला मी काही बोललो नाही. बेल्ट लावायला आम्ही शिकवलं, तो लावला. बाहेर जायचं कारण मी शिल्लक ठेवलं होतं, आणि सहा दिवसांवर पाडवा होता.

त्या रात्री डॉक्टरांना सांगितलं की पॉली बूम लिफ्टशिवाय, म्हणजे लांब हाताच्या टोकाला माणसांची बास्केट असलेल्या यंत्राशिवाय, निघणार नाही आणि तेवढ्या उंचीची लिफ्ट पाडव्याआधी मिळत नाहीये. त्यांनी विचारलं, "दोरीवरून कोणी काढणारं नाही?" आहेत, चांगले प्रशिक्षित लोक आहेत, पण त्यांचे दोर बांधायला पुढच्या बाजूने पक्की जागा त्या इमारतीत आम्ही तयारच केली नव्हती. घाईत ती तयार करणं म्हणजे पुन्हा पांढरी भुकटी. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "निळं तर निळं."

पाडव्याला पाटी पॉलीसकट उजळली. पाहुण्यांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. उद्घाटनाच्या फोटोंत अक्षरांवर निळसर झाक आहे, ती मला दिसते आणि डॉक्टरांना. बूम लिफ्ट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चाकणहून आली. दोघं बास्केटमध्ये, हुक बास्केटच्या कड्याला, तीन तासांत काम झालं. तिचं भाडं आमच्या खिशातून, नफ्याचा जवळपास निम्मा भाग. आता वर्कशॉपमध्ये अक्षर ट्रकवर चढण्याआधी त्याची पॉली निघते आणि वर जुन्या चादरी गुंडाळतात. ओरखडा आला तर पॉलिश करता येतो.

एक तुकडा राहिलाच. 'हॉ'च्या चंद्राच्या डाव्या टोकाला पॉली पट्टीच्या आत दबली होती. ब्लेड आत जाईना आणि वारा ८ झाला, म्हणून बास्केट खाली घेतली. चार बोटांचा तुकडा. संध्याकाळी त्या रस्त्याने गेलो की तो फडफडताना दिसतो. पुढच्या सर्व्हिसिंगला बूम येईल तेव्हा निघेल.

तोवर फडफडू दे.